काय समजलं, ते सांगा

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, हळदीकुंकवात, आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पराते सिस्टर, तुम्ही म्हणे माणसांवर औषधं ट्राय करत होत्या. खरं आहे का वं?"

मी म्हटलं, "हो, खरं आहे."

काकूंनी हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवली. आणखी दोघीजणी सरकून जवळ बसल्या. नवऱ्याला इतकी वर्षं जे नीट सांगता आलं नाही ते त्या दिवशी मी त्या तिघींना सांगितलं.

कॅन्सरचं कुठलंही नवं औषध दुकानात येण्याआधी कोणीतरी ते घेऊन पाहावंच लागतं. उंदरांनी घेऊन भागत नाही. ते घेणारा माणूस आजारी असतो, घाबरलेला असतो, आणि समोर पांढरा कोट दिसला की कशालाही हो म्हणतो. म्हणून त्याला सगळं समजावून सांगणारी, त्याची मर्जी विचारणारी, औषधाचा त्रास होतो का ते रोज पाहणारी आणि सगळं जसंच्या तसं लिहून ठेवणारी माणसं लागतात. नर्स, फार्मासिस्ट, समाजसेवक, शिकाऊ डॉक्टर. त्यांना हे काम शिकवणं ही माझी नोकरी होती. आधी कॅन्सर वॉर्डात नर्स, मग अशा अभ्यासांची समन्वयक, आणि शेवटची काही वर्षं शिक्षिका.

पाच दिवसांचा वर्ग असायचा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पर्समधले व्हाइटनर जमा करायची. चुकलेली नोंद पुसायची नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. हे शिकायला बायांना दोन दिवस लागायचे, डॉक्टरांना पाच. दुसऱ्या दिवशी संमती. रुग्णाला कसं सांगायचं, किती सांगायचं, सही कधी घ्यायची. हा माझा हातखंडा विषय. निदान मी तरी तसं समजत होते.

आता गजाननचं सांगते. नाव बदललं आहे, त्याच्या भावाचंही. दोघांनी लिहायला परवानगी दिली आहे.

गजानन बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मागावर होता. वय चाळिशीच्या आतबाहेर. गालाच्या आत कॅन्सर. तंबाखू-सुपारीचा खर्रा पंधराव्या वर्षापासून. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आणि तेव्हाच आमच्याकडे एका गोळीचा अभ्यास सुरू झाला होता. उपचार संपल्यावर ही गोळी घेतली तर आजार परत येणं टळतं का, एवढंच पाहायचं होतं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाला कोणती, ते संगणक ठरवणार. रुग्णाला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. माहीत असलं की माणूस त्या नजरेनेच पाहतो, म्हणून ही लपवाछपवी.

मी गजाननला बाकावर बसवून हे सगळं सांगितलं. चांगला अर्धा तास. मीही विणकराच्या घरातली. माझे वडील गोळीबार चौकाच्या मागे मागावर बसायचे. त्यामुळे त्याच्याशी बोलताना मला आपल्याच घरातल्याशी बोलल्यासारखं वाटलं. कोऱ्या गोळीचंही सांगितलं, दोनदा सांगितलं.

"समजलं का भाऊ?"

"हौ जी, समजलं."

"काही विचारायचं आहे?"

"नाही जी. तुम्ही सांगून राहिल्या म्हणजे बरोबरच असन."

त्याने सही केली. त्याचं ते वाक्य ऐकून मी सुखावले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

पंधरा दिवसांनी पहिली डबी न्यायला आला तेव्हा तो मोठ्या भावाला घेऊन आला. वामनराव. महाल भागात त्यांचं अस्तर-बटनांचं दुकान आहे. वडील गेल्यावर ह्या भावानेच गजाननला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. त्यांनाही जिभेच्या कडेला तोच आजार, तेच उपचार झालेले. दोघं भाऊ एकाच टपरीवरचा खर्रा खायचे. वामनरावांनाही ह्या अभ्यासात यायचं होतं. पण रक्ताच्या तपासणीत त्यांची किडनी कमजोर निघाली, आणि कमजोर किडनीच्या माणसाला ही गोळी द्यायची नाही असा आमचा नियम होता. गोळीने किडनी आणखी बिघडण्याची भीती होती. मी त्यांना तसं सांगितलं आणि किडनीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

गजाननने विचारलं, "म्हणजे दादाले गोळी नाही?"

"नाही. बाकीची तपासणी, औषधं सगळं चालू राहील."

"पण ही गोळी नाही."

"ही नाही."

दोघं निघून गेले. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

त्यानंतर गजानन दर महिन्याला गोळ्यांची डबी घेऊन येऊ लागला. आमच्याकडे उरलेल्या गोळ्या मोजायची पद्धत आहे. माणसं गोळी विसरतात, लग्नाला जातात, डबी घरी राहते, चार-सहा गोळ्या उरतातच. गजाननच्या डबीत जितक्या उरायला हव्यात तितक्याच उरायच्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. तीन महिने हेच. मी वर्गात सांगायची, "आमचा एक रुग्ण आहे, मागावर काम करतो, पण शिस्त पाहा. तुमच्याही रुग्णांना असं तयार करा."

त्या वेळच्या तुकडीत गेडाम सिस्टर होत्या. गडचिरोलीकडच्या. वीस वर्षं त्या शेकाच्या विभागात होत्या. त्यांच्या इनचार्जने त्यांना वर्गाला पाठवलं होतं. त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि वहीत मराठीत लिहून घ्यायच्या. चौथ्या दिवशी पेपर झाला, तो इंग्रजीत. गेडाम सिस्टर नापास झाल्या. मी त्यांच्या नावापुढे 'पुन्हा बसावं' असं लिहिलं. त्यांना बोलावून सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं ताई."

पाचव्या दिवशी प्रात्यक्षिक असायचं. प्रत्येकीला एक रुग्ण. गेडाम सिस्टरच्या वाट्याला गजानन आला. मीच मुद्दाम दिला, सोपा रुग्ण म्हणून. मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका बाईचं काम पाहत होते.

सिस्टरनी ताटलीत गोळ्या ओतल्या, मोजल्या. बरोबर. फॉर्म भरला. मग डबीचं झाकण लावून त्या म्हणाल्या, "भाऊ, तोंड उघडा पाहू."

मी वळून पाहिलं. फॉर्मवर असा कुठलाही प्रश्न नव्हता.

गजाननने तोंड उघडलं. शेकानंतर काही जणांचा जबडा महिन्या-महिन्याने आवळत जातो. त्याचाही आवळला होता. जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट.

"जेवता काय?"

"पेज घेतो जी. टोस्ट चहात कालवून."

"अन् ही गोळी?"

"पाण्यासंग."

"अख्खी?"

"हौ, अख्खी."

गोळी चांगली चिंचोक्याएवढी होती. ती फोडायची किंवा कुटायची नाही असं डबीवर लिहिलेलंच होतं. मला गेडाम सिस्टरचा राग आला. वर्गातल्या दहा जणींसमोर मी म्हटलं, "सिस्टर, फॉर्मवर नाही ते कशाला विचारता? पुढचा रुग्ण थांबला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि तरीही उठून भांडंभर पाणी आणलं. ते गजाननच्या हातात दिलं. "सकाळची गोळी राहिली असन तं माह्यासमोर घ्या."

गजानन भांडं धरून बसला. मग त्याने ते टेबलावर ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, कोणाले सांगू नका. गोळ्या मी नाही खात. दादाले देतो."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. वामनरावांचा रक्ताचा रिपोर्ट मला डोळ्यांसमोर दिसत होता.

"कधीपासून?"

"पहिल्या डबीपासूनच जी."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. मी सांगतलं, डॉक्टरनं तुह्यासाठी वेगळ्या देल्ल्या म्हणून."

"काहून केलं गा असं?" हे मी ओरडूनच विचारलं असावं. इतकी वर्षं वर्गात जपलेली माझी पुस्तकी भाषा त्या क्षणी सुटली.

"मंग काय करू?" त्याचे डोळे भरले होते. "त्यानं मले लहानाचं मोठं केलं. मले औषध अन् त्याले काहीच नाही. माह्यानं नाही झालं ते."

"कशी आहे त्यांची तब्येत?"

"चांगला होता. चार-पाच दिवस झाले, पाय सुजून राहिले. काल उलट्याही झाल्या. मले वाटलं, औषध लागू पडून राहिलं."

मोठ्या डॉक्टरांना मी फोन केला. ते आमच्या अभ्यासाचे प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी त्यांना आणा. बाकीचं मग पाहू."

वर्ग तसाच सोडून मी गेडाम सिस्टरच्या स्कूटीवर मागे बसले. गजानन ऑटोत पुढे. महालातल्या गल्लीत ऑटो शिरेना, तेव्हा तो उतरून पळतच सुटला. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत काउंटरमागे वामनराव सतरंजीवर पडले होते. पाय उशीवर. दोन्ही घोटे फुगलेले. चेहऱ्यावरही सूज.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"आज नाही जमत जी. दुकान कोण पायते?"

गजानन त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डबी कोणाची, गोळ्या कोणाच्या, त्यांना त्या का द्यायच्या नव्हत्या. वामनराव त्याच्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं, आता हात उचलतील.

"अन् तू?" त्यांनी विचारलं. "तू काय खात होता?"

"काही नाही."

"तीन महिने?"

"हौ."

"मूर्खा," ते म्हणाले, आणि काउंटरचा आधार घेऊन उठायला लागले. "चाला. याले दाखवा आधी."

दवाखान्यात वामनरावांचं रक्त घेतलं, सलाईनची सुई लावली. आता गोळी खरी होती की कोरी, हे कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरेना. अशा अडीअडचणीसाठी संगणकातलं गुपित उघडायची सोय असते. पण एकदा उघडलं की त्या रुग्णाची गोळी बंद, आणि का उघडलं ह्याचा जाब द्यावा लागतो. माझ्या इतक्या वर्षांत आमच्याकडे ते कधी उघडायची वेळ आली नव्हती. मोठे डॉक्टर खोलीत गेले. आम्ही जिन्यापाशी उभ्या होतो. खरी गोळी असेल तर ह्या माणसाची किडनी तीन महिने आम्हीच मारत होतो, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. आम्ही म्हणजे मी. त्या बाकावर मी बसले होते.

डॉक्टर बाहेर आले. "सिस्टर, कोऱ्या निघाल्या."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला हसू यायला लागलं, मग ते थांबेना, मग रडू आलं. एका वॉर्डबॉयने पाणी आणून दिलं. अशी सुटका मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटली नव्हती.

गेडाम सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, गोळी कोरी, मंग पाय काहून सुजले?"

आम्ही दोघी वामनरावांकडे गेलो. सिस्टरनी त्यांना विचारलं, "किडनीवाल्या डॉक्टरनं देल्लेल्या गोळ्या चालू आहे नं?"

"नाही जी. त्या बंद केल्या."

"काहून?"

"एवढी भारी गोळी चालू असल्यावर त्या कशाले?"

म्हणजे त्या कोऱ्या गोळीनेही आपलं काम केलंच होतं. तिच्यावर विसंबून त्यांनी रक्तदाबाची आणि लघवीची औषधं सोडली होती. ती पुन्हा सुरू झाली. चार दिवसांत सूज उतरली, आठवड्याने ते घरी गेले. किडनी होती तितकीच राहिली, त्याहून बिघडली नाही. आणखी महिना गेला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

मी गजाननला कोऱ्या गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी दादाले तीन महिने खडू देल्ला?"

पलंगावरून वामनराव म्हणाले, "खडू तं खडू. मले तं बरं वाटत होतं."

मी गजाननला म्हटलं, "मी तुम्हाला सांगितलं होतं भाऊ. अर्ध्या लोकांना कोरी गोळी असते म्हणून. दोनदा सांगितलं."

"सांगतलं जी. मले वाटलं, ते दुसऱ्या लोकायले असते."

पुढे अहवाल लिहायचा होता. काय घडलं, का घडलं, चूक कोणाची. 'पूर्ण माहिती देऊनही रुग्णाने नियम मोडला' असं एक वाक्य लिहिलं असतं तरी चाललं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. मी ते लिहिलंही, आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं, "सर, हे बरोबर आहे, पण खरं नाही." मग मी बाकावरचा तो अर्धा तास जसा आठवतो तसा लिहिला, गेडाम सिस्टरना मी वर्गासमोर काय बोलले तेही लिहिलं.

आमच्यासारख्या अभ्यासांवर नजर ठेवायला एक समिती असते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो, आणि वैद्यकीय क्षेत्राशी काही संबंध नसलेली एखादी साधी व्यक्तीही असावी लागते. आमच्या समितीत त्या जागी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या समितीपुढे मी उभी होते. माझी शिकवण्याची नोकरी जाणार, असं मी घरून निघतानाच धरून चालले होते. डॉक्टरांनी औषधाचं विचारलं, वकिलांनी सह्यांचं. मग त्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही त्यांना शेवटी काय विचारलं?"

"समजलं का, असं विचारलं."

"ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"माझी पोरंही हो म्हणायची," त्या म्हणाल्या. "म्हणून मी 'काय समजलं, ते सांगा' म्हणायची."

एवढंच. रागावल्या नाहीत. पस्तीस बायांना मी संमती शिकवलेली असेल की तीनशे, मला मोजायचा धीर झाला नाही. प्रत्येकीला मी 'समजलं का' हेच शिकवलं होतं.

समितीने अभ्यास थांबवला नाही. गजाननची गोळी बंद, तपासण्या चालू. आणि मी आमच्याकडच्या प्रत्येक रुग्णाशी पुन्हा बसून बोलायचं, गेडाम सिस्टरना सोबत घेऊन. नोकरी राहिली. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "वाचले." तो म्हणाला, "कशातून?" त्याला मी तेव्हा काही सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन महिने आम्ही दोघींनी तेच केलं. समोर बसायचं, आणि म्हणायचं, भाऊ, बाई, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा. काय काय ऐकलं म्हणून सांगू! जरीपटक्यातले एक कापड व्यापारी म्हणाले, कोरी गोळी आपल्याला लागूच शकत नाही, आपण दर गुरुवारी उपास करतो. एका गृहस्थांना वाटत होतं की ही तंबाखू सोडवायची गोळी आहे, आणि ती चालू असेपर्यंत थोडा खर्रा चालतो. उमरेडच्या एका म्हाताऱ्या विणकर बाईने मात्र मलाच शिकवलं. ती म्हणाली, "पंगतीत अर्ध्यायच्या भाजीत मीठ आहे, अर्ध्यायच्या नाही. वाढणारीलेही माहीत नाही. जेवण झाल्यावर समजन कोणाची कशी होती." त्यानंतर मी वर्गात तेच वापरलं. 'संगणक नाणं उडवतो' ह्या माझ्या जुन्या उदाहरणापेक्षा ते लवकर कळायचं.

ज्यांना कळलं नव्हतं त्यांना पुन्हा सांगितलं. काहींनी नंतर घरून निरोप पाठवून माघार घेतली. त्यांची नावं कमी करताना पूर्वी मला जीवावर यायचं, त्या वेळी नाही आलं.

वर्गाचा पेपर मी मराठीत काढला. गेडाम सिस्टर पास झाल्या, पण तेव्हा त्याचं कोणाला कौतुक राहिलं नव्हतं, कारण तोवर त्या माझ्यासोबत शिकवायला लागल्या होत्या. त्या प्रात्यक्षिकाच्या दिवसाबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ओरडल्या म्हणूनच पाणी आणाले गेली. मले राग आला होता." आता वर्ग त्याच घेतात.

माझ्या निवृत्तीच्या आधी एक नवा अभ्यास आला. रक्ताचे नमुने द्यायचे, वर्षभर ठरलेल्या दिवशी येऊन जायचं. गजानन त्यात बसत होता. जबड्याचा व्यायाम करून त्याचं तोंड आता दोन बोटं उघडत होतं, आजार परत आलेला नव्हता. गेडाम सिस्टर त्याच्याशी बोलत होत्या आणि मी मागे खुर्चीवर बसून ऐकत होते.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता मले सांगा, काय समजलं?"

त्याने सांगितलं. कशासाठी रक्त, किती वेळा, त्याला स्वतःला फायदा होईल असं काही नाही, मध्येच सोडता येतं. एक मुद्दा राहिला होता, तो सिस्टरनी पुन्हा सांगितला, त्याने पुन्हा म्हणून दाखवला.

"मंग?"

गजाननने थोडा विचार केला. "नाही जी. मले नाही घ्याचा भाग."

"काही हरकत नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फॉर्मवर 'नकार' लिहिलं, त्याची पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर टाकली आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. कारण विचारायचं नसतं, त्यांनी ते विचारलं नाही.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "सिस्टर, राग नाही नं आला?"

"नाही भाऊ," मी म्हटलं.

तो हसला. खिडकीतून दिसत होतं, खाली वामनराव गाडी सुरू करून उभे होते. गजानन मागे बसला, दोघं काहीतरी बोलले, आणि गाडी गेटबाहेर गेली. पांढऱ्या कोटाला तोंडावर, शांतपणे, समजून-उमजून नाही म्हणणारा रुग्ण मी माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा पाहत होते.

माझी नोकरी सतरा दिवस उरली होती. मी डबा उघडला आणि त्या दुपारी पोटभर जेवले.